कोठीची किल्ली कोणाकडे? सर्व्हरवर बिझनेस सॉफ्टवेअर बसवताना कोणत्या अकाउंटला किती परवानगी द्यायची

सर्व्हरवर कुठलंही मोठं सॉफ्टवेअर बसवायला घ्या, चार-सहा वेळा ‘नेक्स्ट’ दाबलं की एक पडदा येतो. त्यात दोन रिकाम्या चौकटी असतात, अकाउंटचं नाव आणि पासवर्ड. ही सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड सतत चालणारा प्रोग्राम, कोणाच्या नावाने चालवायची, एवढाच प्रश्न असतो. समोर बसलेल्याला घाई असते, शेठजी पाठीमागे उभे असतात, नागपूरचा मे महिना असतो आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी नेमका त्याच दिवशी बंद असतो. हात आपोआप टाइप करतात: ॲडमिनिस्ट्रेटर. पडदा पुढे सरकतो, सगळे सुटकेचा श्वास टाकून चहाला जातात.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात हा चहा किती महाग पडला ते मी पाहिलंय. सोमवारी सकाळी साडेआठला फोन आला.

“भाऊ, सर्व्हर चालू नाही होऊन राहिला.”

“काय बदललं?”

“काहीच नाही जी. पासवर्ड तेवढा बदलवला शुक्रवारी.”

नव्याने लागलेल्या पोराने डोमेनच्या, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या मशीन आणि युजर एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं, जुना पासवर्ड निम्म्या कारखान्याला पाठ होता. शनिवार सुरळीत गेला. रविवारी लाइन गेली, यूपीएसने मान टाकली आणि सर्व्हर बंद पडला. सोमवारी विंडोज उठलं, पण डेटाबेस उठेना. बिल निघत नाही म्हणून ई-वे बिल नाही, आणि राज्याबाहेर जाणारा पन्नास हजारांवरचा माल त्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. गेटवर भरलेल्या गाड्या आणि कंटाळलेले ड्रायव्हर.

शनिवार सुरळीत का गेला, यातच सगळी गोम आहे. सर्व्हिस आपला पासवर्ड सुरू होताना एकदाच दाखवते. चालू असेपर्यंत तिला कोणी पुन्हा विचारत नाही. त्यामुळे चूक शुक्रवारी झाली तरी ती पुढच्या रिस्टार्टलाच दिसते, आणि तोवर शुक्रवारचा बदल कोणाच्या लक्षातही नसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७०३८ क्रमांकाची नोंद असेल आणि सर्व्हिस हाताने सुरू करताना १०६९ ही चूक येत असेल, तर दुसरीकडे शोधू नका. लॉगऑन फसलंय, बहुधा पासवर्डच.

खरं तर गाड्या अडकणं हा त्यातला लहान धोका. मोठा धोका असा. डेटाबेसची सर्व्हिस डोमेन ॲडमिनच्या नावाने चालत असेल आणि कोणाच्या हाती डेटाबेसचं ‘एसए’ हे सगळे हक्क असलेलं अकाउंट लागलं, तर तो एक्सपी-सीएमडीशेल नावाची सोय चालू करून थेट विंडोजला हुकूम सोडू शकतो. ही सोय एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून मुळात बंद ठेवलेली असते, पण ‘एसए’ला ती उघडता येते. आणि तो हुकूम चालतो सर्व्हिसच्या नावाने, म्हणजे डोमेन ॲडमिनच्या नावाने. बिलिंगच्या पॅकेजमधलं एक भोक, आणि सगळ्या कारखान्याच्या सगळ्या मशीन गेल्या. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस पसरला तेव्हा मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. विंडोजमधल्या त्रुटींखेरीज तो ज्या वाटेने पसरला, ती हीच: एका मशीनवर सापडलेले ॲडमिनचे पासवर्ड वापरून दुसऱ्या मशीनवर उडी.

लग्नघरात आचाऱ्याला कोठीची किल्ली दोन दिवस मिळते. तेल, तूप, साखर, काय हवं ते काढ बाबा. पंगती उठल्या की किल्ली परत मावशीच्या कमरेला. वाढप्याला मात्र किल्ली कधीच मिळत नाही, त्याच्या हातात बादली भरून देतात. सर्व्हरवर हेच करायचं. सॉफ्टवेअर बसवणारं अकाउंट म्हणजे आचारी, त्याला भरपूर हक्क, पण थोडा वेळ. सर्व्हिस म्हणजे वाढपी, हक्क थोडे आणि रोजचे. किल्ली सांभाळणारी माणसं तिसरी. आपण ही तिन्ही कामं एकाच अकाउंटला देतो, घोळ तिथून सुरू होतो.

पुढचं सगळं विंडोज सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हर आणि त्यावर चालणारं ईआरपी (खरेदी-विक्रीपासून हिशोबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), पगारपत्रकाचं किंवा स्टॉकचं पॅकेज धरून लिहिलंय. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांपासून वाडीच्या गोदामांपर्यंत मला बहुतेक हेच दिसतं.

सेटअपला हात लावण्याआधी कागद

एक कोरा कागद घ्या. सॉफ्टवेअरचे भाग लिहा: डेटाबेस, वेबचा भाग, रात्री रिपोर्ट काढणारी सर्व्हिस, बॅकअप. प्रत्येकासमोर तो कुठे बसणार, कोणाशी बोलणार, कोणत्या फोल्डरमध्ये लिहिणार आणि नेटवर्कवर दुसऱ्या मशीनकडे जाणार का, एवढं लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. जी सर्व्हिस आपल्याच मशीनच्या बाहेर पाऊल टाकत नाही, तिला डोमेनचं अकाउंट लागतच नाही.

आता व्हेंडरला फोन करा. सपोर्टच्या माणसाला एक उत्तर पाठ असतं, “सर, फुल ॲडमिन राइट्स लागतील.” त्यावर वाद घालू नका, फक्त विचारा की हे हक्क बसवताना लागतात की चालताना. तो थबकतो, वरिष्ठांना विचारतो आणि अर्ध्या तासाने सांगतो, “बसवताना.” दहातल्या आठ वेळा असंच होतं, हा माझा अनुभव. उरलेल्या दोन वेळा पॅकेज खरंच वाईट लिहिलेलं असतं. त्याचं काय करायचं ते पुढे.

मोठ्या कंपन्यांच्या कागदपत्रांत हा फरक स्पष्ट असतो. शेअरपॉइंट सर्व्हरचंच घ्या, ऑफिसच्या फायली एकत्र ठेवायचं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्ट बसवण्यासाठी वेगळं अकाउंट मागते: प्रत्येक सर्व्हरवर लोकल ॲडमिन, आणि एसक्यूएलमध्ये ‘डीबीक्रिएटर’ व ‘सिक्युरिटीॲडमिन’ या दोन भूमिका. फार्म, म्हणजे त्या सगळ्या सर्व्हरचा संच, चालवायला दुसरं अकाउंट, तेही डोमेनचं साधं युजर. एक्सचेंज या मेल सर्व्हरला डोमेनचा स्कीमा, म्हणजे त्यातल्या नोंदींचा मूळ आराखडा, वाढवताना ‘स्कीमा ॲडमिन्स’ आणि ‘एंटरप्राइज ॲडमिन्स’ या दोन्ही गटांचं सदस्यत्व लागतं, पण फक्त त्या एका पायरीपुरतं. पायरी झाली की गटातून नाव काढायचं. ते काढायचं राहून गेलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

घर कसं आहे ते बघा

डोमेन नसेल, चार-पाच पीसी आणि एक सर्व्हर असेल, इतवारीतल्या बहुतेक पेढ्यांसारखं, तर काम सोपं आहे. सर्व्हरवरचीच अकाउंटं वापरायची.

डोमेन आहे पण सर्व्हर एकच, आणि तोच डोमेन कंट्रोलर (डोमेनचा कारभार पाहणारा सर्व्हर), ही स्थिती सगळ्यात अवघड. डोमेन कंट्रोलरवर ‘लोकल ॲडमिन’ असा वेगळा प्रकारच उरत नाही. तिथे एखाद्या अकाउंटला ॲडमिन केलंत की सगळ्या डोमेनच्या चाव्या दिल्यासारखंच. एसक्यूएल सर्व्हर डोमेन कंट्रोलरवर बसवू नका असं मायक्रोसॉफ्टही सांगते. शेठजी दुसरी मशीन घ्यायला तयार नसतील तर हायपर-व्ही वापरा, म्हणजे एकाच मशीनच्या पोटात वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीन चालवायची विंडोजची सोय. मूळ मशीन फक्त व्हर्च्युअल मशीन सांभाळणार असेल आणि सगळ्या कोअरचं लायसन्स घेतलेलं असेल, तर विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. एकात डोमेन, दुसऱ्यात ईआरपी. हे लायसन्स बहुतेकांनी आधीच घेतलेलं असतं, वापरलेलं नसतं.

बसवणारं अकाउंट

यासाठी नवीन अकाउंट काढा. नाव असं ठेवा की दोन वर्षांनी बघणाऱ्याला कळावं, ‘सेटअप-ईआरपी’ वगैरे. ज्या सर्व्हरवर बसवायचंय तिथल्या लोकल ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ गटात टाका, डोमेन ॲडमिन्समध्ये नाही. डोमेनमधलं असेल तर प्रॉपर्टीजमधल्या ‘अकाउंट’ टॅबवर खाली मुदत टाकायची सोय आहे. तिथे काम संपण्याच्या आठवडाभर पुढची तारीख टाका. विसरायचा आपला स्वभाव, म्हणून मुदत मशीनलाच सांभाळू द्यावी.

या अकाउंटने लॉगिन केल्यावरही सेटअप फाइलवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. यूएसी या विंडोजच्या राखणदारामुळे ॲडमिन गटातल्या माणसालाही सुरुवातीला कापलेल्या हक्कांचीच चिठ्ठी मिळते. अर्धवट बसलेल्या पॅकेजच्या मुळाशी बरेचदा एवढंच असतं.

एसक्यूएल सर्व्हर बसवताना एक पडदा विचारतो, डेटाबेसचे ॲडमिन कोण? तिथे ‘ॲड करंट युजर’ असं बटण असतं. दाबलं की बसवणारं अकाउंट कायमचं ‘सिसॲडमिन’ होतं. २००८ च्या आधीच्या आवृत्त्यांत विंडोजचे सगळे ॲडमिन आपोआप सिसॲडमिन व्हायचे, आता होत नाहीत, त्यामुळे या पडद्यावर कोणीतरी टाकावंच लागतं. सेटअप अकाउंटसोबत एक डोमेन गट टाका, समजा ‘डीबी-ॲडमिन्स’. माणसं त्या गटात ठेवा. सेटअप अकाउंट नंतर काढता येतं. गट आधीच टाकला नसेल आणि सेटअप अकाउंट डिलीट झालं, तर सर्व्हर सिंगल युजर मोडमध्ये उघडून आत शिरावं लागतं. ती रात्र मी काढलीय, सांगत नाही.

चालवणारं अकाउंट: खरा निर्णय इथे

‘लोकल सिस्टिम’ हा पर्याय सगळ्यात वर दिसतो आणि पासवर्ड मागत नाही, म्हणून लोकांना आवडतो. त्या मशीनवर त्याला जवळजवळ काहीही करता येतं, ॲडमिनपेक्षाही जास्त. व्हेंडरची सर्व्हिस याच्यावर चालत असेल तर मी नाराज होतो, पण ती डोमेन ॲडमिनवर चालत असेल तर रागावतो. निदान लोकल सिस्टिमचं नुकसान त्या एका मशीनपासून सुरू होतं.

‘नेटवर्क सर्व्हिस’ला मशीनवर हक्क कमी, आणि नेटवर्कवर ती मशीनच्या नावाने ओळख सांगते. ‘लोकल सर्व्हिस’लाही हक्क कमीच, पण नेटवर्कवर ती निनावी जाते. दोन्हींची अडचण एकच: त्या मशीनवरच्या पाच सर्व्हिस एकाच नावाने चालतात, म्हणून एकीला दिलेला हक्क पाचांना मिळतो.

एका मशीनपुरतं काम असेल तर माझी पहिली पसंती व्हर्च्युअल अकाउंटला. एसक्यूएल सर्व्हरच्या सेटअपमध्ये ते आधीच भरलेलं असतं, ‘एनटी सर्व्हिस\एमएसएसक्यूएलसर्व्हर’ असं. पासवर्डची चौकट रिकामी ठेवायची. प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचं नाव, पासवर्डची कटकट नाही, हक्क जेमतेम. लोक ते खोडून ॲडमिनिस्ट्रेटर टाकतात. काहून? तर रिकामी चौकट बघून भीती वाटते म्हणून. राहू द्या ती रिकामी.

वेबच्या भागासाठी आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये असाच प्रकार आहे, ‘ॲप्लिकेशन पूल आयडेंटिटी’. तोही मूळ पर्याय म्हणून आधीच निवडलेला असतो. त्याला फोल्डरवर हक्क देताना ‘आयआयएस ॲपपूल\’ आणि पुढे पूलचं नाव हाताने टाइप करा, आणि ‘लोकेशन’मध्ये डोमेन नाही, सर्व्हरचं नाव निवडा. नाहीतर ‘सापडत नाही’ म्हणून विंडोज तुम्हाला तासभर फिरवेल.

सर्व्हिसला दुसऱ्या मशीनवर स्वतःच्या ओळखीने जायचं असेल तर डोमेनचं अकाउंट लागतं. तिथे शक्य असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट घ्या. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे, एसक्यूएल सर्व्हर २०१४ पासून ती वापरतो. पासवर्ड डोमेन स्वतः बनवतं आणि साधारण ३० दिवसांनी स्वतःच बदलतं. कोणाला तो माहीतच नसतो, म्हणून कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला जात नाही. बुटीबोरीची सोमवार-सकाळ याने झालीच नसती. मात्र पहिल्यांदा करताना केडीएस रूट की (डोमेन ज्यावरून हे पासवर्ड बनवतं ती मूळ किल्ली) बनवावी लागते आणि ती वापरात यायला दहा तास लागतात, म्हणून हे काम आदल्या दिवशी करा, व्हेंडर दारात उभा असताना नाही. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. हा पासवर्ड कोणत्या सर्व्हरने घ्यायचा ते गटाने ठरवलं असेल, तर सर्व्हर गटात टाकल्यावर तो रिस्टार्ट करा. सेटअपमध्ये नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्यायला विसरू नका.

जुनी पॅकेजं हे मानत नाहीत, त्यांना नाव आणि पासवर्डच लागतो. मग डोमेनमध्ये साधं युजर काढा. ‘डोमेन युजर्स’शिवाय कुठलाही गट नको. प्रत्येक सर्व्हिसला वेगळं युजर. पासवर्ड लांबलचक, २५-३० अक्षरांचा, यंत्राने बनवलेला. लांब का, याला कारण आहे. एसपीएन नोंद (कोणती सर्व्हिस कोणत्या अकाउंटने चालते, याची डोमेनमधली नोंद) असलेल्या अकाउंटचं केर्बेरॉस तिकीट, म्हणजे डोमेन देतं ती ओळखीची चिठ्ठी, डोमेनमधला कोणताही साधा युजर मागू शकतो, आणि ते घरी नेऊन निवांत पासवर्ड फोडत बसू शकतो. त्यात चुकीचे प्रयत्न मोजले जात नाहीत, अकाउंट लॉक होत नाही, कोणाला पत्ता लागत नाही. ‘नागपूर@१२३’ तिथे काही मिनिटांचा पाहुणा.

ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे डोमेनभर लागू होणाऱ्या नियमांतून, या अकाउंटला समोर बसून आणि रिमोट डेस्कटॉपवरून लॉगिन करायला मनाई करा. सर्व्हिसच्या नावाने माणसाने कधीच बसायचं नाही.

अडकवणारे बारीक हक्क

सर्व्हिसचं अकाउंट बदललं की ‘लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस’ हा हक्क लागतो. विंडोजच्या सर्व्हिसेस पडद्यावरून नाव टाकलं तर तो आपोआप मिळतो, आणि तिथेच फसवणूक होते. डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत कोणी हाच हक्क ठरवून ठेवला असेल, तर पॉलिसी केव्हातरी पुन्हा लागू होते आणि तुम्ही दिलेला हक्क पुसून टाकते. सर्व्हिस चालूच राहते. रिस्टार्टला मेली. इव्हेंट क्रमांक ७०४१. त्यामुळे हक्क पॉलिसीतच टाका, आणि त्या यादीत ‘एनटी सर्व्हिस\ऑल सर्व्हिसेस’ असल्याची खात्री करा. ते नसेल तर व्हर्च्युअल अकाउंटवर चालणाऱ्या सगळ्या सर्व्हिस एकदम झोपतात.

एसक्यूएल सर्व्हरचं अकाउंट मात्र सर्व्हिसेस पडद्यावरून बदलूच नका. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर वापरा. तो फोल्डर, रजिस्ट्री आणि आतल्या किल्ल्या यांचेही धागे जुळवतो.

नेटवर्क शेअर हा दुसरा खड्डा. सर्व्हिसला तुमचा ‘झेड ड्राइव्ह’ दिसत नाही, तो तुमच्या लॉगिनपुरता असतो. पूर्ण नेटवर्क पत्ता द्यायचा. एसक्यूएलचा बॅकअप शेअरवर जाताना डेटाबेस इंजिनच्या अकाउंटने लिहिला जातो, तुमच्या नावाने नाही. व्हर्च्युअल अकाउंट असेल तर बाहेर ओळख जाते सर्व्हरच्या कॉम्प्युटर अकाउंटची. म्हणून शेअरवर हक्क द्यायचा त्या कॉम्प्युटरला: ‘ऑब्जेक्ट टाइप्स’मध्ये ‘कॉम्प्युटर्स’वर खूण करा, मग नाव सापडेल. शेअरचा हक्क आणि फोल्डरचा हक्क, दोन्ही ठिकाणी. एक राहिला की ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५’. आणि बॅकअप ठेवायचा एनएएस (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) डोमेनमध्येच नसेल तर ही ओळख त्याला कळणार नाही. तिथे बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर घ्या आणि एनएएसला तो ओढून न्यायला सांगा. मला तर ही उलटी पद्धतच जास्त आवडते, कारण सर्व्हरवर व्हायरस शिरला तरी त्याच्याकडे एनएएसवरचा जुना बॅकअप पुसायचा हक्क नसतो.

डोमेनचं युजर वापरताना एसपीएनची नोंद हाताने करावी लागते, कारण साध्या युजरला ती स्वतः करता येत नाही. नोंद नसेल तर जोडणी बरेचदा एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या जुन्या पद्धतीवर भागते. नोंद चुकीच्या अकाउंटवर असेल तर ‘कॅनॉट जनरेट एसएसपीआय काँटेक्स्ट’. अकाउंट बदलल्याच्या दिवशी ही चूक आली तर ‘सेटएसपीएन’ हा हुकूम वजा एक्स लावून चालवा. दोन ठिकाणी पडलेल्या नोंदी तो दाखवतो. जुनी काढा, नवी ठेवा.

डेटाबेसच्या आत

बसवताना ईआरपीच्या अकाउंटला ‘डीबीक्रिएटर’ द्या, सिसॲडमिन देऊ नका. ‘सिक्युरिटीॲडमिन’ मागितलं तर ते सिसॲडमिनच्याच तोडीचं समजा, कारण त्या भूमिकेतला माणूस दुसऱ्याला मोठे हक्क देऊ शकतो. काम झालं की काढून घ्या. रोजच्या वापराला वाचणं, लिहिणं आणि प्रोसिजर चालवणं पुरतं. पॅकेज हटून बसलं तर त्या एका डेटाबेसचं ‘डीबी-ओनर’ द्या, पूर्ण सर्व्हरचं काही नाही.

एक आपल्याकडची खोड. काही पॅकेजं नवीन आर्थिक वर्ष उघडताना नवा डेटाबेस बनवतात. म्हणजे ‘डीबीक्रिएटर’ काढून घेतलंत तर वर्षभर काही होत नाही, आणि १ एप्रिलला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन येतो. माझ्या डायरीत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हे हक्क देण्याची आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत घेण्याची नोंद कायम असते.

‘एसए’ बंद ठेवा. पॅकेजच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एसए’ आणि त्याचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला सापडला, आणि सापडतोच, तर व्हेंडरला वेगळं लॉगिन टाकायला लावा. यात हिशोबाचीही बाजू आहे. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण ‘एसए’ने थेट टेबलात शिरून आकडा बदलला तर पॅकेजच्या नोंदवहीत काहीच येत नाही. ऑडिटर आता विचारतात की डेटाबेसमध्ये थेट कोण जाऊ शकतं. उत्तरात जितकी कमी नावं, तितकं बरं.

पॅकेज ऐकतच नसेल तर

ॲडमिनशिवाय चालणारच नाही, असं म्हणणारं पॅकेज खरंच काय मागतंय ते बघता येतं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर चालवा, निकालावर ‘ॲक्सेस डिनाइड’ची गाळणी लावा आणि पॅकेजमध्ये जे अडतंय ते करून बघा. बहुतेकदा ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लॉग फाइल लिहायची असते, किंवा रजिस्ट्रीतली एखादी की. त्या एका जागेवर लिहिण्याचा हक्क द्या, ॲडमिनची गरज संपते. हिंगण्याच्या एका युनिटमध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर नऊ वर्षं ॲडमिनवर चाललं होतं, कारण त्याला एका टेक्स्ट फाइलमध्ये शेवटची पावती लिहायची होती.

तरीही नाहीच जमलं तर त्याला वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा आणि त्या मशीनचाच लोकल ॲडमिन द्या. जे जळायचं ते तिथेच जळेल.

चाचणी

सेटअप अकाउंटमधून लॉगआउट व्हा. ते डिसेबल करा. सर्व्हर रिस्टार्ट करा. या तीन गोष्टी केल्याशिवाय व्हेंडरला ‘काम पूर्ण’च्या कागदावर सही देऊ नका. मग साध्या कर्मचाऱ्याच्या पीसीवरून, त्याच्याच लॉगिनने बिल काढा, प्रिंट काढा, मेल पाठवा, रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवा. बॅकअप आत्ताच घेऊन बघा, रात्रीची वाट बघू नका. तो बॅकअप दुसऱ्या जागी रिस्टोअरही करून बघा.

दोन दिवस सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ आणि ४७४० या नोंदींवर नजर ठेवा: पहिली फसलेल्या लॉगिनची, दुसरी अकाउंट लॉक झाल्याची. कुठेतरी जुनं नाव राहिलं असेल तर ते इथे बोंबलतं. लॉग ठेवायचेच आहेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते.

माणसं

‘ॲडमिन’ नावाचं एकच अकाउंट चौघांनी वापरू नये. प्रत्येकाला दोन अकाउंटं: रोजच्या कामाचं साधं, आणि सर्व्हरला हात लावायचं वेगळं. नोकरी सोडून जाणाऱ्याची दोन्ही त्याच दिवशी बंद करायची, निरोपाच्या तर्रीपोह्यांआधी.

व्हेंडरचं अकाउंट एरवी डिसेबल. फोन आला की चालू, काम झालं की बंद. सुरुवातीला कुरकुर होते, महिन्याभरात सवय लागते.

मूळ ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लांब करून कागदावर लिहा, पाकीट बंद करून शेठजींच्या तिजोरीत ठेवा, वर तारीख आणि सही. कागदावर? हो, कागदावरच. सगळं बंद पडलेल्या दिवशी पासवर्ड मॅनेजर त्याच बंद सर्व्हरवर असतो.

आधीच ॲडमिनिस्ट्रेटरवर चालत असेल तर

पासवर्ड आधी बदलू नका. आधी शोधा, तो कुठे कुठे वापरलाय. सर्व्हिसेसच्या पडद्यावर ‘लॉग ऑन ॲज’ हा रकाना क्रमाने लावा. टास्क शेड्युलर बघा. आयआयएसचे पूल, बॅकअपचं सॉफ्टवेअर, स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीन. झेरॉक्स मशीन सगळेच विसरतात. मग एकेक सर्व्हिस नव्या अकाउंटवर न्या आणि प्रत्येक वेळी ती बंद करून पुन्हा सुरू करा. सगळं हललं, दोन दिवस सुरळीत गेले, की पासवर्ड बदला.

बुटीबोरीत आम्ही हेच केलं. त्या सोमवारी जुना पासवर्ड तात्पुरता परत लावला आणि अकरा वाजता पहिली गाडी सुटली. पुढच्या दोन रविवारी सात सर्व्हिस, तीन शेड्युल टास्क आणि एक झेरॉक्स मशीन हलवलं. तिसऱ्या रविवारी त्याच पोराने पासवर्ड पुन्हा बदलला, आणि दुपारी, गेटवर एकही गाडी नसताना, मी त्याला सर्व्हर मुद्दाम रिस्टार्ट करायला लावला. बटण दाबायच्या आधी त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं.